द्राक्षाच्या वासाचं कासव

आमच्या ड्राय वेल्समध्ये कावळ्याला कावळा म्हणायची चोरी आहे. पेट्रोलपंपावर उभ्याउभ्या तुम्ही सहज म्हणालात, "आज कावळे फार ओरडतायत," की कुठून तरी क्लेटन पिव्ही उगवतो. "कावळा नव्हे, डोमकावळा. शेपटी पाचरीसारखी असते. गळ्याखाली दाढी असते. आणि तो ओरडत नाही, बोलतो." मग तो स्वतः बोलून दाखवतो. साठी उलटलेला माणूस भर उन्हात मान पुढे काढून 'क्रॉक, क्रॉक' करतो आणि आपण पेट्रोलची नळी हातात धरून ते ऐकून घ्यायचं.

मी आर्डिस. हायवेला लागून असलेली लाँड्री माझी. मोहावीच्या वाळवंटात लाँड्री चालवायची म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या खिशातली वाळू उपसायची. चौतीस वर्षं उपसते आहे. गावात तीनशे दहा माणसं. त्यातली निम्मी कपडे माझ्याकडे टाकून जातात, कारण मशीनमध्ये साबण घालून अर्धा तास थांबायचा त्यांना धीर नसतो. मग मला त्यांच्याबद्दल सगळं कळतं. दारू सोडली म्हणून चर्चमध्ये डोळे पुसणाऱ्याच्या कॉलरला कसला वास येतो ते पाद्र्याला ठाऊक नसतं, मला असतं. खिशात राहिलेल्या वस्तू मी काउंटरवरच्या काचेच्या बरणीत टाकते, ज्याची त्याने ओळखून न्यावी. एक खोट्या दातांची कवळी अडीच वर्षं पडून आहे.

हा क्लेटन सहा वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसहून आला. तिथे तो विम्याचे दावे नाकारायचा. 'तुमचं घर जळलं असं म्हणता येणार नाही' हे लोकांना पस्तीस वर्षं पटवून दिल्यावर माणसाला निसर्गाची ओढ लागत असावी. त्याने टेकडीवर घर बांधलं, बादलीएवढ्या भिंगाचा कॅमेरा घेतला, बावीस खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट घेतलं आणि निसर्ग छायाचित्र मंडळ काढलं. मंडळात नऊ जण आहेत. एक फोटो काढतो आणि आठ जण 'वा' म्हणतात.

डोमकावळे खरे पाहिले ते माझ्या भावाने. ओडेल माझ्याहून तीन वर्षांनी लहान. रेल्वेत रूळ दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. लाँड्रीच्या मागे चाकांचं घर आहे, त्यात राहतो. त्याच्यासमोर, हायवेच्या पलीकडे, जाहिरातीची एक भली मोठी पाटी आहे: 'खजुराचं थंडगार मिल्कशेक, पुढच्या वळणावर'. पुढच्या वळणावर काही नाही. दुकान सत्तावीस वर्षांपूर्वी बंद पडलं, पण पाटीवरची बाई अजून पेला धरून हसते आहे. तिच्या डोक्यामागच्या लोखंडी सांगाड्यात एका डोमकावळ्याच्या जोडीचं घरटं आहे. त्यात काड्या कमी आणि माझ्या लाँड्रीतून पळवलेले तारेचे हँगर जास्त.

ओडेल अकरा वर्षं रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन त्या पाटीसमोर बसतो. एकोणीस वह्या भरल्या आहेत. मी एकदा कौतुकाने एक उघडली. 'सहा वीस. ती आली. सहा चाळीस. तो गेला. वारा.' पुढच्या पानावरही तेच, फक्त वारा नव्हता. त्याच्याकडे एक जुना लहानसा कॅमेराही आहे. त्यात आभाळ येतं आणि आभाळात एक काळा ठिपका. असे चार हजार ठिपके त्याने जपून ठेवले आहेत आणि तो प्रत्येक ठिपका ओळखतो.

"ही ती," तो म्हणतो. "इथे रागावली आहे."

"कशावरून?"

"बघ ना नीट."

मी बघते. ठिपका असतो.

पण भाऊ चांगला आहे. आमची आई गेली तेव्हा तो आठ दिवस कोणाशी बोलला नाही, नवव्या दिवशी खुर्ची घेऊन पाटीसमोर जाऊन बसला आणि संध्याकाळी येऊन जेवला. त्या दिवसापासून मी त्या पक्ष्यांना हँगर माफ केले.

आता कासवांचं सांगते, कारण सगळा घोळ तिथून आहे. इथली वाळवंटी कासवं संपत चालली आहेत. त्यांची पिल्लं बटाट्याच्या कापाएवढी असतात आणि पाच वर्षांपर्यंत त्यांचं कवच नखासारखं मऊ राहतं. डोमकावळा पाठीवर चोच मारतो आणि आतलं खाऊन घेतो. पूर्वी वाळवंटात डोमकावळे मोजके होते. मग आपण आलो, आपला उकिरडा आला, गळके नळ आले, आणि त्यांची चैन झाली. म्हणून वाळवंट खात्याची माणसं आता घरट्यांवर नजर ठेवतात. घरट्याखाली कासवाचं फोडलेलं कवच मिळालं किंवा कोणी पुरावा दाखवला, तर ते वर एक उडतं यंत्र पाठवून अंड्यांवर तेल फवारतात. आत जीव धरत नाही. पक्ष्याला ते कळत नाही, तो बसून राहतो.

आमच्या भागात हे काम इनेस ओचोआ नावाची मुलगी बघते. वय तिशीचं, कामाची पक्की. दर दुसऱ्या सोमवारी ती गणवेश धुवायला टाकते आणि माझ्याशी दोन शब्द बोलून जाते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन झालं. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं असतं, म्हणून बटाट्याच्या सॅलडची सात भांडी आली होती. भिंतीवर मधोमध क्लेटनचा फोटो होता, दाराएवढा. उघड्या खडकावर कासवाचं पिल्लू. त्याच्या पाठीवर डोमकावळ्याची चोच. मागून सूर्य, आणि त्या उजेडात पिल्लाच्या अंगातून धुक्यासारखं काहीतरी वर निघालेलं. खाली नाव होतं: 'निष्पाप'. नावाखाली क्लेटनने स्वतः लिहिलं होतं की हा त्या चिमुकल्या जिवाचा शेवटचा श्वास आहे.

बायका रडल्या. पेट्रोलपंपवाला रडला, ज्याने गेल्या वर्षी गाडीखाली कासव चिरडून पुढे जाऊन चाक धुतलं होतं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने बुधवारी तो फोटो पहिल्या पानावर छापला. आणि फोटोत मागे, धूसर पण ओळखू येईल इतपत, मिल्कशेकवाल्या बाईचे दात दिसत होते.

शुक्रवारी इनेस लाँड्रीत आली. सोमवार नव्हता, म्हणजे कपड्यांसाठी आली नव्हती.

"ओडेलना तुम्हीच सांगता का?" ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी दुपारी हॉलमध्ये सभा आहे. फोटोला कोणाची हरकत नसेल तर घरट्यावर तेल फवारावं लागेल. अंडी घातली आहेत तिने."

"अगं, एका फोटोवरून?"

"फोटो स्पष्ट आहे, आर्डिस. मला दुसरं काही करता येत नाही."

मी ओडेलला सांगितलं. त्याने वही मिटली, खुर्ची मिटली, आणि पहिल्यांदाच भर सकाळी घरात जाऊन दार लावून घेतलं. आई गेल्यावर आठ दिवसांनी तो परत बाहेर आला होता ते या पक्ष्यांमुळे, आता कशामुळे येणार?

त्याच दिवशी दुपारी क्लेटन जाकीट घेऊन आला.

"हनी, जरा सांभाळून हं," तो म्हणाला. "वर्तमानपत्रवाले सभेनंतरच्या सोमवारी माझा फोटो काढणार आहेत."

"फोटो काढणाऱ्याचा फोटो?"

"लोकांना कलाकार पाहायचा असतो."

"मग इस्त्री करून देते," मी म्हटलं. "कलाकार चुरगळलेला नको."

तो गेल्यावर मी सवयीप्रमाणे जाकीट नाकाला लावलं. डाग कसला आहे हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. छातीशी, डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिशापाशी, द्राक्षाचा वास होता. खऱ्या द्राक्षाचा नव्हे, लहान मुलांच्या जांभळ्या गोळीला येतो तो. आणि हा माणूस साखरेला विष म्हणतो. माझ्या दुकानातलं सरबताचं मशीन काढून टाका म्हणून त्याने मला दोन पानी पत्र लिहिलं होतं.

असाच वास मला एकदा आला होता. गेल्या ऑक्टोबरात, इनेसच्या गणवेशाला. तेव्हा मी तिची थट्टा केली होती, तर ती म्हणाली, "प्लास्टिकची कासवं आहेत ती. डोमकावळ्याने चोच मारली की आतून फवारा उडतो. माणसाला द्राक्षाचा वास येतो, पक्ष्याला झोंबतं. दोनचारदा तोंड पोळलं की तो कासवाच्या नादी लागत नाही. ठेवताना नीट धरलं नाही तर आपल्याच अंगावर उडतं."

मी जाकीट मशीनमध्ये टाकलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं आणि ओडेलचं दार वाजवलं.

"तुझ्या पाटीखाली प्लास्टिकचं कासव आहे का रे?"

त्याने दार अर्धवट उघडलं. "आहे. मीच ठेवलंय. इनेसकडे मागून घेतलं शरद ऋतूत. कुठे ठेवणार ते तिने विचारलं नाही."

"कुठे?"

"झुडपाच्या मुळाशी. फोटोत ते खडकावर आहे. उजेडासाठी हलवलं असणार त्याने."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"वर्तमानपत्र बघितलं तेव्हाच कळलं. पिल्लू असं पाय आत घेऊन बसत नाही."

"आणि तू दार लावून बसलास? तोंड शिवलंय का तुझं?"

"बोलेन म्हणत होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण मग लोक घरट्याखाली बघायला येतील. गर्दी होईल."

आमचा ओडेल म्हणजे लाजाळूचं झाड, असं मला वाटलं. मी म्हटलं, "तू गप्प बस. तुझ्या वाटचं मी बोलते." आणि मला सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. सहा वर्षं त्या माणसाचं 'क्रॉक क्रॉक' ऐकून घेतलं होतं.

शनिवारी हॉल भरला होता. सॅलडची पुन्हा सात भांडी. इनेस टेबलापाशी कागद घेऊन बसली होती. क्लेटन पहिल्या रांगेत, गळ्यात कॅमेरा. तो कॅमेरा तो झोपतानाही काढत नसावा. येईल त्याला मागच्या छोट्या पडद्यावर 'निष्पाप' दाखवत होता.

"कोणाची हरकत?" इनेसने विचारलं.

मी उठले, पिशवी सोडली आणि जाकीट पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात दिलं. "वास घ्या आणि पुढे द्या," मी म्हटलं. "छातीशी. डावीकडे."

जाकीट रांगेरांगेने फिरलं. साठसत्तर माणसांनी क्लेटनच्या जाकिटात नाक खुपसलं.

"द्राक्ष," पेट्रोलपंपवाला म्हणाला.

"हे काय चाललंय?" क्लेटन म्हणाला. "आर्डिस, हनी, हे जाकीट तुझ्याकडे धुवायला दिलं होतं."

"धुतलं असतं तर शेवटचा श्वास निघून गेला असता," मी म्हटलं.

इनेसला कळायला एक क्षण लागला. ती उठून क्लेटनपाशी गेली आणि हात पुढे केला. "कॅमेरा बघू, मिस्टर पिव्ही. याच्या आधीचा फोटो."

तो म्हणाला, आधीचे पुसले. इनेसने बटण दाबलं. माणूस रोज वीसजणांना पडदा दाखवत असेल तर पुसायला सवड कधी मिळणार? आधीच्या फोटोत खडक होता, कासव होतं, आणि कासवाच्या पाठीवर क्लेटनचा अंगठा होता.

हॉलमध्ये आधी कोणी हसलं नाही. मग मागून कोणीतरी 'क्रॉक' केलं.

क्लेटन तोंडात मारल्यासारखा उभा राहिला, पण तीनच सेकंद. "ठीक आहे," तो म्हणाला. "कासव प्लास्टिकचं असेल. पण भावना खरी आहे. हे असं घडतं. रोज घडतं. मी फक्त ते दिसेल असं मांडलं."

"इतर कुठे घडत असेल," मी म्हटलं. मला जोर चढला होता. "या घरट्यात नाही. माझा भाऊ अकरा वर्षं त्या पाटीसमोर बसलाय. एकोणीस वह्या आहेत. या जोडीने एकाही कासवाला चोच लावलेली नाही. तुमच्यासारखं मांडलेलं नाही ते, पाहिलेलं आहे."

"तसं लिहिलंय त्या वह्यांत?" क्लेटनने विचारलं. विम्याची सवय, कागद मागायचा.

"ओडेल," मी म्हटलं, "सांग यांना."

ओडेल मागच्या रांगेत बसला होता. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. "कासवांबद्दल वहीत काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"ऐकलंत?" मी म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. इनेसने कागदावर रेघ मारली. क्लेटन जाकीट न घेताच गेला. ओडेलने त्या दिवशी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि घरी येताना माझा हात धरला. आम्ही असे हात धरणाऱ्यांतले नाही.

रविवारी त्याने कपड्यांची थैली आणून दिली. ओडेल खिसे नेहमी स्वतः रिकामे करून देतो, अगदी उलटे करून. त्या आठवड्यात आनंदात राहून गेलं असेल. पँटच्या उजव्या खिशात मला गारगोट्यांसारखं काहीतरी लागलं. बाहेर काढलं. बटाट्याच्या कापाएवढी चार कवचं होती. प्रत्येकाच्या पाठीला एक भोक, कडा आत वळलेल्या. मी वास घेतला. द्राक्षाचा नव्हता.

मी पँट तशीच टाकून त्याच्या दारात गेले आणि तळहात उघडला. त्याने कवचांकडे पाहिलं. आत गेला, पलंगाखालून कॉफीचे डबे ओढले. अकरा डबे. झाकणावर वर्षं लिहिलेली. मी एक हलवला, सुकलेल्या शेंगांसारखा वाजला.

"रोज सकाळी सहाला जातो," तो म्हणाला. "कोणी यायच्या आधी उचलतो."

"लोकांना सांगतोस कचरा वेचतो म्हणून."

"कचराही वेचतो."

"आणि मी काल त्या हॉलमध्ये..." माझ्या कालच्या बोलण्याचा शब्द न् शब्द मी मनात पुन्हा ऐकत होते, टाळ्यांसकट.

"तू विचारलंच नाहीस, आर्डिस. बोलत सुटलीस."

"तूही थांबवलं नाहीस."

"शिकतायत ती," तो घाईने म्हणाला. "ते प्लास्टिकचं ठेवल्यापासून शिकतायत. गेल्या वर्षी या वेळेपर्यंत अकरा होती. या वर्षी चारच. तू बघ ना डबे. पुढच्या वर्षी एकही नसेल."

"वहीत का नाही लिहिलंस?"

"वहीत लिहिलं की खरं होतं."

मला इतका राग आला होता की माझे कान तापले. भावावर की स्वतःवर, ते त्या वेळी वेगळं करता आलं नाही. मी दुकानात परत आले आणि ती चार कवचं काउंटरवरच्या बरणीत टाकली, कवळीच्या शेजारी. त्याने येता जाता बघावीत आणि लाज वाटून घ्यावी, एवढाच माझा हेतू होता. माझा स्वभाव असा आहे. दुसऱ्याला लाज वाटावी म्हणून मी पुष्कळ मेहनत घेते.

दुसऱ्या दिवशी इनेसचा सोमवार होता आणि तो माझ्या डोक्यातून पार गेला होता. ती सकाळी नऊला आली, गणवेश काउंटरवर ठेवला आणि बोलता बोलता बरणीकडे बघू लागली. ओडेल ड्रायरपाशी चादरीची घडी घालत उभा होता.

"ही कसली, आर्डिस?" तिने विचारलं.

ती कासवांचं शिकलेली मुलगी. तिला काय मी सांगणार होते? पण तिने विचारलं, आणि विचारून थांबली. मी म्हणेन ते ती मानून घेईल, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. शनिवारी मिटलेलं प्रकरण तिलाही मिटलेलंच हवं होतं.

"बटणं आहेत," मी म्हटलं.

चौतीस वर्षांत मी त्या काउंटरवर कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. निदान असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

"मोठी आहेत," इनेस हळूच म्हणाली. "कोणाच्या कोटाची?"

ड्रायर थांबला. ओडेलने चादरीची घडी पुरी केली, कडा जुळवली, ठेवली. "माझ्या खिशातली आहेत," तो म्हणाला. "पाटीखालची. आत आणखी डबे आहेत. चल, दाखवतो."

त्याला सरळ विचारलं असतं तर तो सभेतही हेच म्हणाला असता. त्याला कोणी विचारलं नाही, कारण मी बोलत होते.

गुरुवारी सकाळी इनेस ते उडतं यंत्र घेऊन आली. दोन मिनिटांचं काम. डोमकावळी उडाली, पाटीभोवती दोन घिरट्या घातल्या, यंत्र खाली आल्यावर परत जाऊन अंड्यांवर बसली. ओडेल खुर्चीत होता. इनेस त्याच्यापाशी जाऊन काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली आणि घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. ती विसावी वही. तिच्या पहिल्या पानावर त्याने फक्त एवढं लिहिलं आहे: 'अकरा वर्षं. कासवं एकशे सात.'

डोमकावळी एकवीस दिवस बसते, मग पिल्लं निघतात. ही बावीस दिवस बसली, तीस दिवस बसली. नर तिला चोचीतून भरवत होता. मे महिन्याचं ऊन लागलं तशी ती पंख अर्धवट उघडून अंड्यांवर सावली धरायला लागली. ओडेलची पानं मी आता चोरून वाचते. 'सहा वीस. ती बसली आहे. तो आला. वारा.' दुसऱ्या दिवशी तेच. तो माझ्याशी बोलतो, जेवायलाही येतो, पण कपडे स्वतः धुतो. साबण दुप्पट घालतो. मी काही म्हणत नाही. मला फार वाईट वाटतं आणि ते कोणाला सांगावं ते समजत नाही.

क्लेटन दोन आठवडे टेकडीवरून खाली उतरला नाही. मग हळूहळू पेट्रोलपंपावर दिसायला लागला. लोक फार दिवस राग धरत नाहीत, त्यांना वर्षातून एकदा रडायला काहीतरी हवं असतं. मेच्या मध्याला मी दुकानातून पाहिलं, तर बादलीएवढं भिंग घेऊन तो पाटीखाली उभा होता, ओडेलच्या खुर्चीशेजारी. मी धावत रस्ता ओलांडला. भांडायचंच म्हणून गेले होते.

"किती दिवस बसली आहे ही?" तो ओडेलला अगदी अदबीने विचारत होता.

"पंचेचाळीस," ओडेल म्हणाला. विचारलं की तो सांगतो.

"पंचेचाळीस दिवस," क्लेटन म्हणाला आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. "काय ही निष्ठा."

त्याला तेलाचं माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मी तोंड उघडलं, पण ओडेलने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. क्लेटनने काही हलवलं नाही, कशाला हात लावला नाही. तीन तास उन्हात उभा राहिला आणि एक फोटो काढला.

त्या फोटोत ती पंख पसरून बसली आहे, चोच उघडी, आणि नर तिच्याकडे वाकला आहे. खाली मिल्कशेकवाली बाई हसते आहे. नाव आहे 'आशा'. जिल्ह्यात पहिला आला. आता हॉलमध्ये भिंतीवर लावला आहे, 'निष्पाप' होता त्याच खिळ्याला, आणि बायका त्याच्यासमोर थांबून डोळे टिपतात.

त्या आठवड्यात त्याचं जाकीट धुवायला आलं. मी ते छातीपाशी नाकाला लावलं. मग बावीसच्या बावीस खिसे उलटे करून पाहिले. घाम होता आणि वाळू होती, बाकी काही नव्हतं. या वेळी फोटो अगदी खरा होता.